लॅपटॉपची दुसरी रॅम बसते पण चालत नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला (सांगली)

हळदवाला | ६ जानेवारी २०२६, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. नव्या हळदीचे सौदे तोंडावर आलेत आणि आमचा लॅपटॉप नेमका आत्ता रुसलाय.

२०१४ सालचा आहे. इंटेल आय३-४०३०यू, ४ जीबी रॅम, विंडोज १०. हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल आणि ब्राउझर एकदम उघडलं की शेतकऱ्याची पट्टी छापायला टाकावी आणि चहा पिऊन यावं अशी गत. समोर शेतकरी उभा, त्याला साडेपाचची एसटी गाठायची असते, आणि हा आपला गोल गोल फिरवत बसलेला.

शनिवारी गावातल्या एका दुकानातून ४ जीबीची आणखी एक रॅम आणली. 'लॅपटॉपची, डीडीआर३, १६०० ची' असं सांगून मागितली. वापरलेली होती, ९०० रुपये. खालचं झाकण काढलं, एक स्लॉट रिकामा होताच. खाचेत बरोबर बसली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन लागल्या. चालू केला तर पंखा फिरतोय, दिवा लागतोय, स्क्रीन काळी ठिक्कर. पाच मिनिटं थांबलो. नवी काढली की पुन्हा पहिल्यासारखा चालू.

दुकानदाराकडे नेला. त्याने उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, दुसरा स्लॉट गेलाय. बोर्डाचं काम निघालं, साडेचार हजार धरून चाला." मालकांना हे सांगायचं धाडस होत नाही. खरंच बोर्ड गेला असेल का? की रॅमच चुकीची आहे? आणि बरोबर कुठली हे ओळखायचं कसं?

भडंग | ६ जाने., रात्री १०.०५

काका, रॅम सोडा, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क टाका. लॅपटॉप विमान होतो.

आयर्विन | ६ जाने., रात्री १०.२०

भडंग, थांब जरा. माणूस विचारतोय काय, आपण सांगतोय काय.

हळदवाला, दोन गोष्टी करा. एक, जुनी चालणारी रॅम पहिल्या स्लॉटमधून काढून एकटीच दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. चालू झाला तर स्लॉट ठणठणीत आहे, दुकानदाराचं म्हणणं तिथंच संपलं. उघडण्याआधी चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट जातो. दोन, दोन्ही रॅमवरचे स्टिकर अक्षरन् अक्षर इथे लिहा. भिंग घ्या हवं तर, पण एकही अक्षर गाळू नका.

हळदवाला | ७ जाने., सकाळी ७.३०

आयर्विन, आभार. रात्रीच उघडला. जुनी रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली आणि चालू झाला! म्हणजे स्लॉट गेलेला नाही.

स्टिकर असे. जुनी, लॅपटॉपसोबत आलेली: ४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस-११, पुढचं पुसट आहे. खाली एम४७१बी५१७३क्यूएच०-वायके०. नवी: ४जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००एस-११, खाली एम४७१बी५२७३डीएच०-सीके०. दोन्ही सॅमसंगच्याच आहेत, दोन्ही ४ जीबी, दोन्हीवर १२८००. मला तर बहिणी-बहिणी वाटतात.

सोल्डरगन | ७ जाने., सकाळी ९.१०

बहिणी न्हाईत, जावा-जावा आहेत. एका घरात न्हाई नांदायच्या.

जुनीवर पीसी३च्या पुढं 'एल' आहे, नवीवर न्हाई. तुमचा साडेचार हजाराचा बोर्ड त्या एका अक्षरात आहे.

मी मिरजेत दुरुस्तीचं काम करतो, असा लॅपटॉप महिन्याकाठी दोन-तीन तरी टेबलावर येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डीडीआर३ दोन जातीची असते. साधी १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. दोन्हीला २०४ पिना, दोन्हीची खाच एकाच जागी, त्यामुळं कुठलीही कुठंही बसते. क्लिप टक्कन लागली म्हणून जुळली असं धरायचं न्हाई. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, हॅसवेल. ४०३० मधला पहिला ४ म्हणजे पिढी. लॅपटॉपच्या बाबतीत इंटेलनं या पिढीपासून १.३५ चाच हट्ट धरला. बोर्ड स्लॉटला तेवढंच व्होल्टेज देतो. तुमच्या नव्या स्टिकला तेवढ्यावर धड जाग येत न्हाई, सुरुवातीला मेमरी तपासतानाच गाडी अडकते, आणि अजून स्क्रीनपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. म्हणून पंखा फिरतो आणि वर अंधार.

उलटं मात्र चालतं. एलवाली स्टिक १.५ व्होल्टच्या जुन्या लॅपटॉपात बेलाशक घाला, ती दोन्ही पचवते. म्हणून मी भरताना फक्त एलवालीच भरतो. तुमच्या दुकानदारानं ड्रॉवरमध्ये दोन्ही एकत्र ठेवल्या असणार.

काही जळलेलं न्हाई, निर्धास्त राहा. कमी व्होल्टेज मिळालं म्हणून स्टिक मरत न्हाई.

आता १२८००. सेकंदाला १६०० दशलक्ष खेपा, एका खेपेला ८ बाइट, झाले १२८०० एमबी. हमालाच्या पाठीवर ८ चं पोतं, असं समजा. १३३३ ची असली की तिथं १०६०० लिहितात. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपच्या आकाराची. १आर आणि २आर म्हणजे चिपांच्या रांगा किती त्याचा हिशेब, तुमच्या लॅपटॉपाला दोन्ही चालतात, त्यात भांडण न्हाई.

स्टिकर पुसला असला तर पार्ट नंबरावर जायचं. सॅमसंगच्या नंबरात शेवटच्या डॅशनंतर वाय असेल तर १.३५, सी असेल तर १.५. तुमच्याच बघा, वायके० आणि सीके०. हायनिक्सला डॅशच्या अगदी आधीचं अक्षर बघायचं: ए म्हणजे १.३५, सी म्हणजे १.५. किंग्स्टनवर केव्हीआर१६एलएस११ असेल तर तुमची, केव्हीआर१६एस११ असेल तर दुसऱ्या कुणाची.

कराडकर | ७ जाने., सकाळी ११.४०

सोल्डरगन, मला हे पटत नाही. माझा लॅपटॉप आय५-३२१०एम. कंपनीची रॅम पीसी३एल होती, मी शेजारी साधी पीसी३ घातली. दोन वर्षं दोघी गुण्यागोविंदाने नांदतायत. तुमच्या त्या जावा-जावा! एका अक्षराचा एवढा बाऊ कशाला? हळदवाल्यांची ती स्टिकच मेलेली असेल.

सोल्डरगन | ७ जाने., दुपारी १.१५

कराडकर, तुमच्या ३२१० चा पहिला आकडा वाचा की. तिसरी पिढी. ती दोन्ही घेते. एक साधी स्टिक दिसली की बोर्ड दोन्हीला १.५ देतो, आणि एलवालीला १.५ चालतंच. तुमचा अनुभव खरा आहे, पण तुमच्या घरचा. चौथ्या पिढीला लावू नका.

स्टिक मेलेली असू शकते, हे मान्य. पण ती कळायला तुमच्यासारखाच लॅपटॉप लागेल. हळदवाल्यांच्या लॅपटॉपात ती जिवंत असली तरी उठायची न्हाई.

कराडकर | ७ जाने., दुपारी १.४०

मान्य. आपली एक पिढी मागे राहिली. :)

चारभिंती | ७ जाने., दुपारी ३.००

सोल्डरगन यांच्या प्रतिसादाला +१. पिढीवरून आठवलं म्हणून थोडी भर घालतो. पुढे हा धागा शोधत येणाऱ्यांना उपयोग होईल.

प्रोसेसरच्या आकड्यावरून रॅम ओळखायची युक्ती सहाव्या आणि सातव्या पिढीत फसते. त्या पिढ्या डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही चालवतात. कंपनीने त्या मॉडेलमध्ये कुठला स्लॉट लावलाय त्यावर सगळं. मी एका मित्राला फोनवर 'सातवी पिढी आहे ना, मग डीडीआर४ घे' असं छातीठोकपणे सांगितलं होतं, तो साताऱ्याहून पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन घेऊन आला, आणि घरी येऊन बघतो तर स्लॉट २०४ पिनांचा! निदान डीडीआर४ ला २६० पिना आणि खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती घुसतच नाही, भलतीच बसवून बसायची भानगड नाही. डीडीआर५ ला २६२, तिचीही खाच वेगळी. जास्तीचं व्होल्टेज-नाट्य फक्त डीडीआर३ च्या घरात आहे. मित्र अजून तो एसटीचा खर्च काढतो.

दुसरं एक, अगदी जुने लॅपटॉप असणाऱ्यांसाठी. पहिल्या पिढीचे, आय३-३३० किंवा आय५-४३० वगैरे. त्यांना ४ जीबीची स्टिक १६ चिपांची लागते. ८ चिपांची ४ जीबी घातली तर अंधार, कारण त्या काळच्या मेमरी कंट्रोलरला एका चिपमध्ये २ गिगाबिटच्या वरचं मोजता येत नाही. स्टिकर दोन्हीवर '४ जीबी' असाच. चिपा बोटाने मोजायच्या, पुढून आणि मागून.

वसुधा_सातारा | ७ जाने., सायं. ६.३०

माझा प्रश्न वेगळा आहे, चालेल ना इथेच? मी शाळेत शिक्षिका. लॅपटॉप सातव्या पिढीचा आय३, ४ जीबी. ऑनलाइन बैठक चालू असताना पीपीटी उघडली की माझा चेहरा तिथल्या तिथे गोठतो, आणि तोही तोंड उघडं असतानाच! टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे 'स्लॉट २ पैकी १ वापरात' असं दिसतं आणि फॉर्म फॅक्टरपुढे 'रो ऑफ चिप्स'. याचा अर्थ काय?

चारभिंती | ७ जाने., सायं. ७.००

वसुधाताई, 'रो ऑफ चिप्स' म्हणजे तुमची ४ जीबी बोर्डावरच डाख देऊन बसवलेली आहे. ती निघत नाही, बदलता येत नाही. त्याखेरीज एक रिकामा स्लॉट आहे असं विंडोज म्हणतंय. म्हणतंय असं मुद्दाम लिहिलं, कारण विंडोज हे बायोसचं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) ऐकून सांगतं, आणि काही मॉडेलमध्ये बायोसमध्ये दोन स्लॉट लिहिलेले असतात पण बोर्डावर दुसऱ्याची नुसती जागा आखलेली, स्लॉट बसवलेलाच नसतो. म्हणून पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून डोळ्यांनी बघा. नाहीतर कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असतं, त्यात रॅम काढायचं चित्र असतं. लेनोव्हो, डेल, एचपी तिघांचीही अशी मॅन्युअलं फुकट मिळतात.

स्लॉट असेल आणि डीडीआर४ चा असेल तर ८ जीबीची एक स्टिक घाला, एकूण १२. बाजारात २६६६ किंवा ३२०० ची मिळेल, तीही चालते. तुमचा प्रोसेसर तिला २१३३ वर चालवेल एवढंच. जास्त वेगाची स्टिक हळू चालते, बिघडत नाही.

वसुधा_सातारा | ७ जाने., सायं. ७.२०

धन्यवाद. पण ४ आणि ८ असं विजोड जोडलं तर चालेल का? दुकानात म्हणाले जोडी सारखीच हवी.

आयर्विन | ७ जाने., रात्री ८.१०

चालतं. ४ आणि त्या ८ मधले ४ जोडीने काम करतात, उरलेले ४ एकटे. जोडीतला भाग जलद, एकट्याचा थोडा संथ. तुमच्या बैठकीत फरक जाणवणार नाही, मेमरी संपणं थांबल्याचा फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवेल. सारख्या जोडीचा खरा फायदा गेम खेळणाऱ्यांना, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ह्याच रॅमवर जगतं.

भडंग | ७ जाने., रात्री ८.३०

अवांतर: डाख दिलेल्या रॅमचा राग येणाऱ्यांसाठी. ॲपलने २००८ च्या मॅकबुक एअरमध्येच रॅम बोर्डावर चिकटवली, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही तेच केलं आणि मग बरेच जण त्याच वाटेने गेले. आता एलपीकॅम२ नावाचा प्रकार आलाय, स्क्रूने बसणारी चपटी पाटी. २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये आहे. आमच्या होस्टेलवर कुणाकडे दिसणार नाही, ते सोडा.

आणि माझा एसएसडीचा मुद्दा कुणी खोडलाच नाही!

हळदवाला | ७ जाने., रात्री ९.४५

सोल्डरगन, तुमचा प्रतिसाद मालकांना वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे साडेचार हजार वाचले?" मी हो म्हणालो. आता ते माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतायत.

भडंग, तुमच्या एसएसडीबद्दल. मला जेवढं कळतं ते आमच्या भाषेत सांगतो, चूक असेल तर सुधारा. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं असतात, माल तिथे साठवायचा. सौद्याच्या दिवशी त्यातला लागेल तेवढा वर काढून दुकानापुढे मांडायचा. डिस्क म्हणजे पेव, रॅम म्हणजे दुकानापुढची जागा. एसएसडी टाकली की पेवातून माल लवकर वर येईल. पण दुकानापुढे चार पोत्यांचीच जागा असेल तर पाचवं मांडताना पहिलं खाली नेऊन ठेवावंच लागणार. बरोबर?

आयर्विन | ७ जाने., रात्री १०.००

दिवाणजी, बरोबर. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं. आता भडंगच्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने द्यायला नको, मोजूया. उद्या लॅपटॉप अडखळेल त्या क्षणी टास्क मॅनेजर उघडा आणि मेमरीची टक्केवारी बघा. ऐंशीच्या खाली असून डिस्क शंभरवर असेल तर भडंग जिंकला. मेमरी नव्वदीच्या घरात असेल तर डिस्क शंभर दिसली तरी ती रॅम कमी पडल्यामुळे, ने-आण चालू असते.

हळदवाला | ८ जाने., दुपारी १२.२०

मेमरी ९१, डिस्क १००. ब्राउझर बंद केल्यावर मेमरी ६३ आणि डिस्क हळूहळू ७ वर आली.

भडंग | ८ जाने., दुपारी १२.२५

हरलो. पण हंगाम संपल्यावर एसएसडी टाकाच.

कराडकर | ८ जाने., दुपारी २.००

टाकाच, आणि विंडोजचंही बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सुरक्षेचे वाढीव अपडेट नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. चौथ्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. हिशेबाचा लॅपटॉप आहे म्हणून सांगतो.

आणखी एक. मी स्वतः खाल्लेली ठेच. रॅम ८ केली आणि विंडोज ३२ बिटचं निघालं. '८ जीबी, ३.२ वापरण्याजोगी' असं दाखवत राहिलं. आठवडाभर रॅमला शिव्या घातल्या. तुमचं ३२ की ६४ ते आधी बघा.

हळदवाला | ८ जाने., दुपारी ४.१०

६४ आहे, बघितलं. आता खरेदी. त्या दुकानदाराकडे परत गेलो होतो. एलचं अक्षर दाखवलं. तो म्हणाला, "काका, सगळी डीडीआर३ सारखीच असते, कंपन्या नुसती अक्षरं लावतात." परत घेणार नाही, विकलेला माल परत नाही. वाद घालत बसलो नाही. दुसरीकडून घेतो. नवी घ्यावी की वापरलेली?

सोल्डरगन | ८ जाने., रात्री ९.००

माझ्याकडं या म्हणत न्हाई, न्हाईतर संपादक धागा उडवतील.

डीडीआर३एल वापरलेलीच घ्या. तिच्यात झिजणारं काही नसतं. दहा वर्षं चाललेली सॅमसंग किंवा हायनिक्सची स्टिक मला खोक्यातल्या नाव नसलेल्या नव्या स्टिकपेक्षा जास्त भरवशाची वाटते. भीती असते ती स्टिकर बदलून विकलेल्या मालाची. ओळखायची खूण: चिपांवरचं नाव आणि स्टिकरवरचं नाव जुळत न्हाई, किंवा एकाच स्टिकवर दोन कंपन्यांच्या चिपा. पक्कं करायचं असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एसपीडीच्या पानावर स्टिकच्या पोटात लिहिलेलं खरं काय ते दिसतं, खाली व्होल्टेजची ओळ असते. तिथं १.३५ दिसलं पाहिजे. टास्क मॅनेजर नुसतं डीडीआर३ म्हणतो, त्याच्यावर जाऊ नका.

लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच लावून बघा. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि सात दिवसांत परत घेण्याचं तोंडी न्हाई, लेखी घ्या. ८ जीबीची एक मिळाली तर ८ अधिक ४ होईल, तुमच्या प्रोसेसरला १६ पर्यंत चालतं. पण एका स्लॉटमध्ये ८ च्या वर जाऊ नका. १६ ची एकच स्टिक कुणी डीडीआर३एलमध्ये दाखवली तर ती पाचव्या पिढीवाल्यांना विकू दे त्याला.

आणि हे सगळं आजच करा. डीडीआर४ आणि डीडीआर५ चे भाव दिवाळीपासून चढतेच आहेत, कारखाने एआयच्या सर्व्हरांची मेमरी करण्यात गुंतलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीनं तर डिसेंबरात जाहीरच केलं की क्रुशल नावानं दुकानात विकायचं बंद करणार. वसुधाताई, हे तुमच्यासाठी जास्त. ज्याला डीडीआर४ परवडत न्हाई तो जुनाच लॅपटॉप ओढणार, म्हणजे जुन्या मालालाही गिऱ्हाईक वाढणार.

हळदवाला | १० जाने., रात्री ८.३०

झालं! दुसऱ्या दुकानात हायनिक्सची मिळाली, ४ जीबी, पीसी३एल, डॅशच्या आधी ए. मीच भिंगातून वाचून दिली. दुकानातला पोरगा विचारतो, "काका, तुमचं कुठं दुकान आहे?" ११०० रुपये, बिलावर नंबर आणि सात दिवस लिहून घेतले.

चालू केल्यावर अर्धा मिनिट स्क्रीन काळीच. माझे हातपाय गार. मग लोगो आला. ८ जीबी, ७.८९ वापरण्याजोगी. तिन्ही उघडून पट्टी छापली, कागद बाहेर येईपर्यंत शेतकरी खुर्चीवर बसलासुद्धा नव्हता.

आयर्विन | १० जाने., रात्री ८.४५

अभिनंदन. रॅम बदलली की पहिल्यांदा तेवढा वेळ लागतो, नवी मेमरी ओळखून घेतो तो.

हळदवाला | १३ जाने., सकाळी १०.३०

मंडळी, पुन्हा मीच. काल दिवसात दोनदा निळी स्क्रीन आली. 'मेमरी मॅनेजमेंट' असं काहीतरी लिहिलेलं. आज सकाळी पुन्हा काळी स्क्रीन, काढून घातल्यावर चालू. उद्या संक्रांत. आता ही पण परत करू का?

सोल्डरगन | १३ जाने., सकाळी १०.५०

करू नका अजून. काढून घातल्यावर चालू होतोय म्हणजे संपर्काचा घोळ. स्टिक काढा, तिच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, दोन्ही बाजूंनी. चुरा फुंकू नका, तोंडातली वाफ बसते, कोरड्या ब्रशनं झटका. स्लॉटच्या आतही टॉर्च मारून बघा. घालताना तिरकी धरून पूर्ण आत ढकला, सोनेरी रेघ दिसेनाशी झाली पाहिजे, मगच खाली दाबा. आणि रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावा. एकही चूक दाखवली तर परत, सात दिवस आहेतच.

हळदवाला | १४ जाने., सकाळी ९.१५

तिळगूळ घ्या, गोड बोला.

टॉर्च मारला तर दुसरा स्लॉट पिवळा धमक! अकरा वर्षं रिकामा होता, सगळी हळदीची धूळ त्यात जाऊन बसलेली. पंख्याच्या पात्यांवरही पिवळा थर. दाढीच्या नव्या ब्रशने झाडला, मग मेडिकलमधून आयसोप्रोपिल आणून पुसला, वाळू दिला. रॅमचे दात खोडरबरने घासले तर रबरही पिवळा. रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवली, चार फेऱ्या, चूक शून्य.

सोल्डरगन | १४ जाने., सकाळी ९.४०

वीस वर्षांत स्लॉटमधनं झुरळ काढलं, मुंग्या काढल्या, एकदा टाचणी काढली. हळद न्हाई काढली कधी.

वसुधा_सातारा | १४ जाने., दुपारी १२.००

माझ्या लॅपटॉपात खरोखरच स्लॉट निघाला, डीडीआर४ चा. ८ ची घातली. किंमत ऐकून मात्र चेहरा पुन्हा गोठला होता.

भडंग | १४ जाने., दुपारी १.१०

हळदवाला काका, ती पहिली १.५ वाली स्टिक अजून आहे का? माझा होस्टेलचा लॅपटॉप दुसऱ्या पिढीचा, आय३-२३५०एम, २ जीबीच्या दोन स्टिका. सोल्डरगन दादा, चालेल ना?

सोल्डरगन | १४ जाने., दुपारी १.२०

चालेल. त्या पिढीला १.५ च लागतं. १६०० ची आहे, तुझ्यात १३३३ वर चालेल. २ ची एक काढ आणि ही घाल.

हळदवाला | १४ जाने., दुपारी १.३०

आहे, ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून ठेवलीय. पाचशे द्या. उद्या यार्डात सौदे आहेत, दुपारी दोननंतर या, लॅपटॉप घेऊन या, लावूनच बघू. आणि रिकाम्या हाताने येऊ नका, नाव भडंग लावलंय ना?